प्रार्थनाघरातली आमची पट्टी

आमच्या प्रार्थनाघरात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक, कौलांमधून पडणारी माती. दुसरे, किस्से! रविवारी उपासना सुटली की आम्ही बायका बाहेर लिंबाखाली उभ्या राहतो. कोणीतरी म्हणतंच, "ते आठवतंय का गं..." की झालं. घरी भाकरी टाकायच्या राहतात.

निफाडच्या पुढं द्राक्षबागांमधून रस्ता जातो, तिथं आमचं गाव. ख्रिस्ती घरं पंधराएक. प्रार्थनाघर पणजोबांच्या वेळचं. गुडघ्यापर्यंत दगड, वर कच्च्या विटा, त्यावर चुना अन् माथ्यावर मंगलोरी कौलं. गेलं वर्षभर आमच्यात एकच विषय होता. हे ठेवायचं, की पाडून तिथं स्लॅबचं नवं बांधायचं? गिरणीवर दळण टाकायला गेलं तरी तेच, कुणाच्या साखरपुड्याला गेलं तरी तेच.

मी कोणत्या बाजूची होते, ते पुढं येईलच. एवढंच सांगते की मी भित्री बाई आहे, अन् माझ्या मांडीवर आठ महिन्यांची रूथ आहे.

*

लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट. नाताळ तोंडावर आला तशी सासूबाईंनी माझ्या हातात बादली दिली, कुंचा दिला अन् म्हणाल्या, "चल, आपली पट्टी दाखवते."

मला वाटलं शेताची पट्टी असंल. मनातून खूश झाले, माहेरी कोणी सांगितलंच नव्हतं की ह्यांना जमीन आहे! पण सासूबाई सरळ प्रार्थनाघरात शिरल्या अन् भिंतीपुढं उभ्या राहिल्या. "ही खिडकीपासून ह्या चिरेपर्यंत आपली."

आमच्याकडं सगळ्या मंडळीनं मिळून चुना द्यायचा नसतो. भिंत घराघरांत वाटलेली आहे. प्रत्येक घरानं आपापली पट्टी रंगवायची. सासू थकली की ती पट्टी सुनेकडं जाते. त्यामुळं आमची भिंत एकसारखी कधीच दिसत नाही. कुणाच्या चुन्यात नीळ जास्त, कुणाच्यात मुळीच नाही. लांबून बघाल तर वाटेल, वेगवेगळ्या घरची धुणी शेजारी शेजारी वाळत घातलीत.

मी मन लावून चुना दिला. हात सैल सुटला अन् कुंचा जरा पलीकडं गेला. वीतभरच! दुसऱ्या दिवशी शेजारच्या मार्थामावशी दारात हजर.

"सूनबाई, तुम्ही आमच्या हद्दीत आलात."

मी घाबरून सासूबाईंकडं बघितलं. त्या हसत सुटल्या. मावशी गेल्यावर म्हणाल्या, "तिचं मनावर घेऊ नको. आपल्यातल्या निम्म्या घरांना बांधच नाय. मग बांधावरून भांडायची हौस कुठं भागवायची?"

*

आमच्या प्रार्थनाघराचं दार मागच्या बाजूला आहे. रस्त्यानं येणारा पाहुणा आधी भिंतीपाशी येऊन थांबतो, मग सगळा वळसा घालून पाठीमागं जातो. एकदा लग्नाचं अख्खं वऱ्हाड बँडसकट भिंतीपुढं पाच मिनिटं वाजवत उभं राहिलं होतं!

त्याची गोष्ट सासूबाई सांगतात. प्रार्थनाघर बांधायचं ठरलं तेव्हा गावच्या विहिरीवर आपल्या माणसांना पाणी भरू देत नव्हते. माती कालवायला पाणी लागणार, ते आणायचं कुठून? मग बायकांनी कादवा नदीपासून रांग लावली. एकीनं घागर भरायची, दुसरीच्या डोक्यावर द्यायची. सकाळी मजुरीला जायचं अन् संध्याकाळी पाणी. सगळ्या भिंतींची माती त्या पाण्यात मळली आहे.

दार कुठं ठेवायचं ते मिशनच्या साहेबानं कागदावर काढून आणलं होतं. आमच्या पणजसासूबाईंनी घागर खाली ठेवली अन् विचारलं, "पाणी कुणीकडून येतंय?"

साहेब म्हणाला, "नदीकडून."

"मग दार नदीकडं. भरल्या घागरी घेऊन आम्ही वळसा मारणार नाय."

अन् दार नदीकडं झालं!

आता नाशिकहून एक मॅडम येतात. जुन्या इमारती दुरुस्त कशा करायच्या, ते त्या शिकलेल्या आहेत. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याही भिंतीलाच येऊन थांबल्या. शमुवेलआबा तिथं बसले होते. आबा आमचे राखणदार. झाडलोट करतात, कौलं बघतात. वय विचारलं तर "कौलांएवढं" म्हणतात.

मॅडम म्हणाल्या, "आबा, दार चुकीच्या बाजूला आहे का हो?"

आबा जागचे हलले नाहीत. "दार बरोबर हाय बाई. रस्ता चुकीच्या बाजूनं आला!"

*

एका पावसाळ्यात आमच्याकडं नवीन पाळकसाहेब आले. तरुण, हुशार, पुण्याकडचे. पहिलीच उपासना. वर उभे राहिले अन् बघतात तर काय, मंडळी सगळी विखुरलेली! दोघी खिडकीपाशी, चौघं कोपऱ्यात, मधे मोठी मोकळी जागा, एक म्हातारी एकटीच पार भिंतीला टेकून.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी हातातला कागद मिटला अन् तयार करून आणलेला उपदेश बाजूला ठेवला. पाऊण तास ते एकीवर बोलले. एकमेकांना क्षमा करा. जुनी भांडणं टाकून द्या. कुटुंबासारखे राहा. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. ते बघून आमच्याही दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला. कोण भांडलंय ते मात्र कोणालाच कळेना.

शेवटी साहेब म्हणाले, "आता सगळे उठा. मनातलं सोडा, अन् मधे येऊन एकमेकांना चिकटून बसा."

साहेबांचा शब्द मोडायचा कसा? सगळे उठून मधे येऊन बसले. साहेबही प्रेमानं खाली उतरून आमच्यात बसले. म्हणाले, "प्रार्थना करू या." डोळे मिटले अन् टप! साहेबांच्या टाळूवरच पडलं. मग मानेवर. मग पुस्तकावर.

त्यांनी एक डोळा उघडून आबांकडं बघितलं. आबा हळूच म्हणाले, "साहेब, भांडण नाय. मंडळी गळती बघून बसते!"

साहेबांनी आमेन म्हटलं अन् पुढं म्हणाले, "आपापल्या जागी जा."

*

आता माझी फजिती सांगते. दुसऱ्यांच्या सांगायच्या अन् आपली लपवायची, हे बरोबर नाही.

रूथ झाल्यावर मला त्या छपराची भीती बसली. आधी मी तिथं गाणी म्हणायचे, आता वर कौलं मोजत बसायचे. एखादं सुटलं तर? माती पडतेय ती रोजची, का आज जास्त? ती सव्वा महिन्याची झाल्यावर पहिल्या रविवारी मी तिला घेऊन उंबऱ्यातच बसले. सासूबाई आतून हात हलवून बोलावत होत्या, मी मान हलवून नाही म्हणत होते. सगळी उपासना असंच मुक्यानं चाललं.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी मला आत बसवलंच. पण मीही तयारीनं गेले होते. दुपटी, बाटली अन् खाली पिशवीत सुनीलचं, म्हणजे माझ्या मालकांचं, मोटारसायकलचं हेल्मेट! पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटू या," की मी हेल्मेट काढायचे अन् मांडीवरच्या रूथच्या वर धरून ठेवायचे. आमेन झालं की परत पिशवीत. कोणाला पत्ता नाही!

तीन रविवार निभावलं. चौथ्या रविवारी प्रार्थना लांबली, माझा हात दुखायला लागला अन् हेल्मेट निसटून फरशीवर गडगडत थेट आबांच्या पायाशी गेलं.

आबांनी ते उचललं. उलटंपालटं करून बघितलं. "पोरी, देवाच्या घरात हेल्मेटसक्ती कधी झाली गं? मला नोटीस आली नाय!"

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगते, घरी आल्यावर रडले. मला खरंच भीती वाटत होती.

*

त्यात भर आमच्याच घरानं घातलेली. सुनील गवंडीकाम करतात. मला दिवस गेले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की काय करू अन् काय नको. म्हणाले, "आपली पट्टी अशी करतो की नाशिकला पण नसंल." चार दिवस कामावर खाडा करून त्यांनी आमच्या पट्टीला सिमेंटचं प्लास्टर केलं. आरशासारखं! वरून गुलाबी ऑइलपेंट. बाकीच्या चुन्याच्या पट्ट्यांमधे आमची अशी दिसायची, जशी गोधडीला रेशमी ठिगळ. लोक हात फिरवून बघायचे. मला फार अभिमान वाटायचा.

पावसाळा गेला अन् ती पट्टी फुगली. आधी थोडी, मग चांगली हातभर. रूथ जन्मली अन् माझं पोट उतरलं, भिंतीचं मात्र वाढतच चाललं!

मॅडमनी ती पट्टी बघितली. बोटाच्या पेरानं वाजवली. कान लावला. मग वळून विचारलं, "हे कोणी केलं?"

ज्यांचं माझ्याशी वाकडं होतं त्या बायकासुद्धा पायाची बोटं बघत उभ्या. मार्थामावशी, हद्दीवरून भांडणाऱ्या, त्या म्हणाल्या, "जुनंच हाय बाई ते." गुलाबी ऑइलपेंट, अन् जुनं!

सुनील मागं उभे होते. पुढं येऊन म्हणाले, "मॅडम, मी केलं."

आबा लगेच म्हणाले, "प्रेमानं केलंय बाई पोरानं."

मॅडमनी प्लास्टरवरून हात फिरवला. "ते दिसतंयच. रागानं कोणी इतकं गुळगुळीत करत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मातीची भिंत ओल पिते अन् सोडते. चुना तिला सोडू देतो. सिमेंटनं तिचं नाक दाबलं, ओल आत कोंडली. सुनील त्या दिवशी जेवले नाहीत.

*

मग मीटिंग झाली. याकोबदादा आमच्या पंचकमिटीचे मुख्य. देवळाली कॅम्पात नोकरी करून रिटायर झालेले, शर्ट कायम पांढरा अन् इस्त्रीचा. माणूस वाईट नाही हो. ते उभे राहून म्हणाले, "पणज्यांनी बांधलं, मान्य. मलाही प्रेम हाय. पण उद्या एखाद्या लेकरावर ही भिंत आली, तर मी कोणत्या तोंडानं इथं गाणं म्हणू? पाडा अन् नवं बांधा."

तेवढ्यात बाईमाणसांतून एक आवाज आला, "पाडा."

तो माझा होता.

सगळ्यांनी वळून बघितलं. सासूबाईंनी नाही बघितलं. त्या भिंतीकडंच बघत बसल्या.

शेवटी मॅडमनी तोड काढली. फुगलेली पट्टी उघडायची. आत धड निघालं तर दुरुस्ती. नाही निघालं तर मंडळीनं ठरवावं. याकोबदादा म्हणाले, "त्याच दिवशी मत घ्यायचं. रजिस्टर मी आणतो. सह्या करा अन् विषय संपवा." बहुतेक जण तेव्हा पाडायच्या बाजूचे होते. लेकरं सगळ्यांनाच आहेत.

चार दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "भाजीत मीठ नाय."

मला इतका आनंद झाला की पळत जाऊन मीठ आणलं, वाढलं. नंतर मी जेवायला बसले. भाजीत मीठ बरोबर होतं, ते आता दुप्पट झालेलं! सासूबाईंनी तशीच खाल्ली.

*

दुरुस्ती होवो न होवो, सामान तयार पाहिजे म्हणून मॅडमनी बायकांना कामाला लावलं. कच्च्या विटा पाडून उन्हात वाळवल्या. कळीचा चुना भिजवला. चुन्यात घालायला गूळ, हिरडा अन् बेलफळाचा गर पाण्यात टाकून पिंपं झाकून ठेवायची होती, चांगली आंबेपर्यंत. आम्ही ती प्रार्थनाघराच्या सावलीला ठेवली.

आठवड्यात असा वास सुटला म्हणता! रस्त्यानं जाणारी माणसं थांबून श्वास घ्यायला लागली. दोघं तर रोज संध्याकाळी बरोबर तिथंच चपलेतला खडा काढायचे.

एके दिवशी पोलीस पाटील आले. चेहरा गंभीर. "आबा, तक्रार हाय. प्रार्थनेच्या जागी तुम्ही गूळ आंबवताय. मला वाटलं नव्हतं."

आबांनी पिंपाचं झाकण काढलं, वाटीभर काढलं अन् त्यात चुना घोळून पुढं धरलं. "घ्या पाटील. एक वाटी घेतली की माणूस शंभर वर्षं हलत नाय!"

पाटलांनी हात जोडले. पण जाताना सासूबाईंना हळूच विचारलं, "चुना घालायच्या आधीचं काय करता हो त्याचं?"

*

आता पट्टी उघडली त्या शनिवारचं.

सुनीलनीच छन्नी घेतली. म्हणाले, "मी दाबलं, मीच सोडवतो." सिमेंटचा पापुद्रा सुटला अन् मागची माती ओल्या भुशासारखी खाली आली. विटा उरल्याच नव्हत्या. बघता बघता भिंतीत एवढं भगदाड पडलं की पलीकडची द्राक्षबाग दिसायला लागली. मी रूथला छातीशी धरून अंगणात उभी होते. वाटलं, आता छप्पर येतंय.

छप्पर हललंसुद्धा नाही.

मॅडम आत वाकल्या अन् ओरडल्याच, "इकडं या सगळे!" भगदाडाच्या दोन्ही बाजूंना, मातीच्या पोटात, सागाचे खांब होते. काळे, कोरडे, माझ्या मिठीत मावणार नाहीत असे. "छप्पर भिंतीवर नाहीच! ह्या खांबांवर आहे. भिंत नुसती मधे भरलेली. खांबाखांबांमधला एकेक खण, म्हणजे तुमची एकेक पट्टी."

आबा खांबाला हात लावून बसले. कौलांएवढं वय झालं, पण त्यांनाही हे माहीत नव्हतं.

पण माणसांचं मन असं एकदम पालटत नाही. कोणी म्हणे, खांब चांगले आहेत, ठेवू. कोणी म्हणे, एवढी भिंत एका दिवसात विरघळली, हा इशारा समजा. याकोबदादांना यायला अजून वेळ होता. मॅडम म्हणाल्या, "मत काय पडायचं ते पडो, भोक उघडं ठेवू नका. तोवर विटा लावायला घ्या."

मग काय, सासूबाईंनी लुगडं खोचलं अन् माती तुडवायला उतरल्या. मार्थामावशी उतरल्या. बायका कादवेवर गेल्या नाहीत, नळाला पाइप लावला, पण रांग मात्र लागली, बादलीमागं बादली. दहा मिनिटांत एक माणूस कोरडा राहिला नाही.

तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, "सूनबाई, ये. पट्टीची पहिली वीट घरच्या सुनेनं ठेवायची असती."

मी रूथकडं बघितलं. कोणाकडं देऊ? सगळ्यांचे हात कोपरापर्यंत मातीत. स्वच्छ हात फक्त एकाचे होते. याकोबदादा नुकतेच आले होते, पांढरा शर्ट, काखेत रजिस्टर. मी सरळ रूथला त्यांच्या हातात दिलं अन् गेले.

त्या भगदाडात, त्या छपराखाली मी पहिली वीट ठेवली. मग दुसरी. सुनील सांगत होते, मी लावत होते. किती वेळ गेला कळलं नाही. मधे एकदा रूथ रडल्याचा आवाज आला, मी चमकून बघितलं. अंगणात ऊन चढलेलं, तिच्या डोळ्यांवर येत होतं. याकोबदादांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं अन् तिला घेऊन आत आले. आमच्या पाठीमागं, कौलांखाली, सावलीत येरझारा घालायला लागले. कधी नव्हे ते गुणगुणत होते. शर्टाला खांद्यावर लाळ लागली होती.

थोड्या वेळानं रडणं थांबलं. मी मागं वळून बघितलं तर याकोबदादा बरोबर मधोमध, मुख्य तुळईखाली उभे. रूथ त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली. अन् सह्यांच्या रजिस्टरनं ते तिला वारा घालत होते.

बाहेरून कमिटीतल्या कोणीतरी हाक दिली, "दादा, सगळे आलेत. मत घ्यायचं ना? रजिस्टर उघडा!"

याकोबदादांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. लेकरू झोपलंय."